रात्रीच्या विमानात पाणी मागताना

विमान म्हणजे मोठ्या लोकांचे वाहन, ही समजूत आता आपल्या वस्त्यांतूनही गेली आहे. कुणाची मुलगी परदेशात परिचारिका आहे, कुणाचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून शिकायला गेला आहे, कुणाचा जावई आखातात कामाला आहे. मग एके दिवशी तिकडून तिकीट येते आणि ज्या आईवडिलांनी जन्मभर एसटीने नाहीतर रेल्वेच्या जनरल डब्यातून प्रवास केला, ते विमानाच्या दारात जाऊन उभे राहतात. तिकीट अर्थातच सर्वात स्वस्त वर्गाचे, म्हणजे इकॉनॉमी क्लासचे असते. पासपोर्ट, व्हिसा, बॅगेचे वजन, लोणच्याची बरणी न्यावी की नाही, यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा होते. पण रात्रभर त्या अरुंद खुर्चीत बसायचे कसे, झोपायचे कसे, शरीर सांभाळायचे कसे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आम्ही दोघे पती-पत्नी आतापर्यंत दोन वेळा मुंबईहून लंडनला जाऊन आलो. आमची मुलगी तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. उत्तर लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. ते पाहण्याच्या ओढीनेही आपली पुष्कळ माणसे या मार्गाने जातात. हा प्रवास नऊ-दहा तासांचा. काही विमाने मध्यरात्र उलटल्यावर मुंबई सोडतात आणि तिथल्या सकाळी सातच्या सुमारास उतरतात. विमान पश्चिमेकडे, म्हणजे रात्र जिकडे सरकते तिकडेच जात असते, त्यामुळे ही रात्र नेहमीपेक्षा लांबते. आपल्या घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे सात होतात. हिवाळ्यात हा फरक आणखी एका तासाने वाढतो.

मुंबई-लंडन विमानसेवेचा इतिहास ७५ वर्षांहून जुना आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत ते १० जूनला लंडनला पोहोचले. त्यात ३५ प्रवासी होते. तो प्रवास सामान्य माणसाचा नव्हताच. पुढे १९५२ साली युरोप-अमेरिकेदरम्यानच्या विमानांत स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग निघाला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग. खुर्च्या जवळजवळ लावायच्या, माणसे जास्त बसवायची आणि तिकीट कमी ठेवायचे, हे त्यामागचे साधे गणित. आज या वर्गात एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत साधारण ३१-३२ इंच अंतर असते आणि बसायची रुंदी १७-१८ इंच. जागा आखडली म्हणून तिकीट उतरले आणि तिकीट उतरले म्हणून आपण आत आलो. तेव्हा नुसती कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण मुकाट सोसण्यातही नाही.

त्या नऊ-दहा तासांत शरीराचे काय होते, हे आधी समजून घेऊ. विमान ३५ हजार फुटांच्या आसपास उडते. बाहेर शून्याखाली पन्नास अंशांची थंडी असते. आत हवा दाबून भरलेली असते, पण ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असेल तशी ती असते. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे आपण रात्रभर कळसूबाईहूनही उंच जागी बसून असतो असे समजा. शिवाय ही हवा फार कोरडी असते. तिच्यातील दमटपणा बहुधा दहा-वीस टक्क्यांच्या घरात असतो. मुंबईच्या ओल्या हवेत वाढलेल्या माणसाचे ओठ, घसा, डोळे त्यामुळे कोरडे पडतात. पोटातला वायूही अशा विरळ हवेत पाव हिश्शाहून अधिक फुगतो. पोट का गच्च झाले याचे उत्तर यात आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट पायांची. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की पोटरीतील रक्त नीट वर चढत नाही. पाय सुजतात. बहुतेकांची सूज दुसऱ्या दिवशी उतरते. पण एखाद्याच्या शिरेत रक्ताची गाठ धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुपटीने वाढतो, असे त्यात आढळले. तरीही प्रत्यक्षात प्रमाण सहा हजार प्रवाशांत एक असे थोडेच. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

याला कोणी ‘इकॉनॉमी क्लासचा आजार’ म्हणतात. ते नाव तितकेसे खरे नाही. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. माणसे रात्र-रात्र तळघरांतल्या आसऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. त्या वेळी अशा आसऱ्यांत फुप्फुसात गाठ जाऊन अचानक मरण येण्याचे प्रकार वाढल्याचे डॉ. कीथ सिम्पसन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याच वर्षी नोंदवले. खुर्चीची कड मांडीखाली रुतलेली आणि पाय लोंबकळते, हे त्याचे कारण. तिथे कुठले आले विमान! हा आजार बसून राहण्याचा आहे. तो रात्रभराच्या बसमध्येही होऊ शकतो आणि महागड्या खुर्चीत न हलणाऱ्यालाही होऊ शकतो.

यावर उपाय दोनच आणि दोन्ही बिनखर्चाचे: पाणी पिणे आणि हलणे. वाचकहो, तुम्ही म्हणाल, एवढेच? हो, एवढेच. पण हे एवढेच आपल्या माणसांना किती अवघड जाते, ते आम्ही दुसऱ्या प्रवासात डोळ्यांनी पाहिले.

आमच्या रांगेत तीन खुर्च्या होत्या. खिडकीशी लातूरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. वय पासष्टीच्या पुढचे. मुलाकडे निघालेल्या, पहिलाच विमानप्रवास, सोबत कोणी नाही. मुलाने मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी खिडकीची जागा घेतली होती. विमान वर गेले, दिवे मंद झाले, पाण्याची गाडी आली. मावशींनी मान हलवून नको म्हटले. चहा आला, नको. जेवणाच्या ताटातले पाण्याचे भांडे त्यांनी उघडलेही नाही. ओठ मात्र सारखे जिभेने ओले करीत होत्या.

आम्ही म्हटले, “मावशी, पाणी घ्या की. हवा कोरडी आहे इथली.”

त्या हळूच म्हणाल्या, “नको ताई. पाणी पिलं की उठावं लागतं. तुमा दोघांला उठवायचं, मग तिकडं जायाचं. ते कसलं दार हाय, ते बी म्हाईत न्हाई. मला सवय हाय. आमी कामावर दिस-दिसभर पीत नव्हतो.”

मावशींनी ऊसतोड केली होती, पुढे रस्त्याच्या कामावर खडी वाहिली होती. अशा कामावर बाईला जायला आडोसा नसतो. मग बाया उपाय काय करतात? पाणीच पीत नाहीत. उन्हात, धुळीत, घसा सुकेपर्यंत. आपल्या घरोघरच्या आया-मावश्यांनी हेच केले आहे. झाडलोटीच्या कामावर, बांधकामावर, बाजारात भाजीच्या पाटीमागे बसून. त्यातून मूत्राशयाचे, मूत्रपिंडाचे दुखणे घेऊन त्या म्हाताऱ्या झाल्या. ती सवय मावशींबरोबर विमानातही आली होती. इथे चार पावलांवर स्वच्छतागृह होते, पाणी हवे तितके होते, आणि तरीही त्या तहानेल्या बसल्या होत्या.

आम्ही उठलो आणि मावशींना वाटेकडच्या खुर्चीत बसवले. मग त्यांच्याबरोबर मागे जाऊन ते दार दाखवले. विमानातले हे दार बहुधा मध्ये घडी पडणारे असते. मधोमध ढकलायचे. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा पूर्ण उजळतो आणि बाहेर लाल खूण दिसते. कडी लावायला विसरू नये. पाणी सोडण्याचे बटण दाबल्यावर हवेने ओढून घेतल्यासारखा मोठा आवाज होतो. घाबरू नये, ती यंत्रणाच तशी आहे. धुण्यासाठी पाण्याची सोय बहुतेक विमानांत नसते, कागद असतो. ज्याला पाणी लागते त्याने रिकामी छोटी बाटली जवळ ठेवून तिथल्याच नळावर भरून घ्यावी. त्या नळाचे पाणी मात्र पिऊ नये.

परत आल्यावर मावशींनी दोन पेले पाणी लागोपाठ प्यायले. मग शाल पांघरून झोपल्या. पहाटे, म्हणजे विमानातल्या पहाटे, दिवे लागले तेव्हा त्यांनी स्वतःच गाडीवरच्या मुलाला हात केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “बाळा, पाणी दे.” त्या मुलाला मराठी येत नव्हते. तरी त्याला बरोबर कळले आणि त्याने पेला भरून दिला.

तेव्हा आमचे सांगणे असे की, विमानात मागणे म्हणजे लाचारी नव्हे. पाणी, पांघरूण, उशी, उलटीची पिशवी, कर्मचाऱ्याची मदत यांतली कोणतीही गोष्ट मागताना ओशाळण्याचे कारण नाही. लांबच्या प्रवासाच्या तिकिटात ते आलेले असते. हातातली किंवा समोरच्या पडद्यावरची माणसाची खूण असलेले बटण दाबले की कर्मचारी येतात. इंग्रजी येत नसेल तर ‘वॉटर’ एवढा शब्द पुरतो. तोही आठवला नाही तर पेला दाखवावा. शेजाऱ्याला उठवून जाणे हा उद्धटपणा नाही. तोही त्यामुळे उठतो, त्याचेही पाय मोकळे होतात. अंगावर फाटके कपडे आहेत म्हणून पाणवठ्यावर संकोच करायचे दिवस आपण मागे टाकले. मग विमानात तिकीट काढून संकोच कशाला?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. बाटलीत पाणी भरून नेले तर तपासणीच्या ठिकाणी ते टाकून द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या भांड्यात पातळ पदार्थ नेता येत नाही, असा नियम २००६ सालापासून आला. म्हणून रिकामी बाटली न्यावी आणि तपासणी संपल्यावर आतल्या नळावर भरून घ्यावी. रोजची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. खालच्या सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते, आणि बॅग चुकली तर हाल होतात ते वेगळेच.

पाय हलवण्यासाठी उठलेच पाहिजे असे नाही. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या बहिणींना हा व्यायाम शिकवायला नको. पायडल मारतो तसे करायचे. टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीस-तीस वेळा, जागे असू तेव्हा दर अर्ध्या-पाऊण तासाने. दोन-तीन तासांतून एकदा वाटेतून मागपर्यंत जाऊन यावे. पिशवी पायाशी न ठेवता वरच्या कप्प्यात टाकली तर पाय लांब करायला जागा मिळते. चपला-बूट सैल असावेत, कारण पाय सुजतात. मोजे मात्र घालावेत, कारण गार वाऱ्याने पाय आखडतात. ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांना कर्करोग आहे किंवा पूर्वी कधी गाठ झाली होती, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पोटरीवर दाब देणारे खास मोजे मिळतात, ते कुणी घालावे हेही डॉक्टरच सांगतील. आपल्या मनाने रक्त पातळ करण्याची गोळी घेऊ नये.

झोपेचे साहित्य विकत आणायची गरज नाही. दुकानांत मानेच्या फुगीर उशा मिळतात. आम्ही अंग पुसायचा टॉवेल गुंडाळून मानेभोवती घेतला, काम झाले. जुन्या सुती साडीची चौघडी करून कमरेमागे घातली की पाठीचा पोकळ भाग भरून निघतो. आमच्या मते कमरेचा हा आधार मानेच्या उशीपेक्षा जास्त उपयोगी. डोळ्यांवर रुमाल, कानांत कापसाचे बोळे. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा. हवा खराब झाली की कर्मचारी प्रत्येकाचा पट्टा पाहत येतात. तो वर दिसला तर झोपलेल्याला उठवत नाहीत. खुर्ची मागे टेकवता येते, तो आपला हक्कच. पण जेवणाच्या वेळी ती सरळ ठेवावी आणि टेकवताना मागे एकदा पाहावे. मागचाही आपल्यासारखाच ३१ इंचांत बसलेला असतो.

खाण्याचे म्हणाल तर निघण्याआधी हरभरा, वाटाणा, तळलेले पदार्थ टाळावेत. भाकरी-भाजी, वरण-भात असे हलके खावे. मधुमेहाचे किंवा शाकाहारी जेवण हवे असेल तर बहुतेक विमान कंपन्यांना ते किमान २४ तास आधी कळवावे लागते. आणखी एक. लांबच्या प्रवासात पुष्कळ विमानांत दारू फुकट मिळते. फुकट म्हणून तिला हात लावू नये. जर्मनीतील संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, दारू पिऊन अशा विरळ हवेत झोपले तर तरुण, धडधाकट माणसाच्याही रक्तातला प्राणवायू बराच खाली येतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. मग साठीच्या माणसाचे काय? विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा गिळत राहावे, गोळी चघळावी. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजावे.

उतरल्यावर प्रवास संपला असे मानू नये. मोठ्या विमानतळांवर विमानाच्या दारापासून पासपोर्टच्या रांगेपर्यंत फार चालावे लागते, आणि तेही रात्रभर आखडलेल्या पायांनी. म्हाताऱ्या, दमेकरी, गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी चाकाची खुर्ची तिकिटाच्या वेळीच मागावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची बातमी सर्व वृत्तपत्रांत आली होती. पती-पत्नी दोघांनी खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या, मिळाली एकच. पत्नीला तीत बसवून ते सोबत चालत निघाले आणि पासपोर्ट तपासणीपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. दंडाने माणूस परत येत नाही. म्हणून खुर्ची यायला उशीर झाला तर तिथेच बसून राहावे. ती येईपर्यंत थांबण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि खुर्ची आणून देण्याची जबाबदारी त्यांची आहे. मागे लोक खोळंबले तरी लाजू नये.

घरी पोहोचल्यावर पुढचे तीन-चार आठवडे पायांकडे लक्ष असू द्यावे. दोन्ही पायांची सूज बहुधा साधी असते. पण एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून राहू नये. ताबडतोब रुग्णालयात जावे आणि इतके तास विमानात बसून आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवटी परदेशातून तिकीट पाठवणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द. बाळांनो, आईसाठी खिडकीची जागा घेऊ नका. ढग बघून होतील पाच मिनिटांत. पुढे सारी रात्र अंधार असतो. तिला वाटेकडची जागा घ्या, म्हणजे कुणाला न विचारता उठता येईल. खुर्ची हवी का, जेवण कोणते, हे तुम्हीच नोंदवा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि इंग्रजीत लिहून द्या: मला पाणी हवे, मला स्वच्छतागृहाला जायचे आहे, मला बरे वाटत नाही. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर बॅगेतल्या पापड-लोणच्याची चौकशी झाली की आईला एवढे जरूर सांगा: “आई, रात्रभर पाणी पीत राहा. कितीही वेळा उठावे लागले तरी ऊठ. तुझ्या तिकिटाच्या पैशांत ते सगळे आलेले आहे.”